माघारीचा हिशेब

गुलमर्गच्या गंडोल्याचा वरचा टप्पा २००५ साली सुरू झाला आणि तेव्हापासून, ज्या अफरवटच्या माथ्यापर्यंत पोचण्यासाठी पूर्वी दिवसभराची चढण व छातीतला सगळा दम खर्ची पडत असे, त्या माथ्यानजीक, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,९५० मीटर उंचीवर, तिकीट काढणारा कोणीही मनुष्य काही मिनिटांत जाऊन उभा राहू लागला. तेथे एक हद्द आहे. हद्दीच्या आत, गंडोल्याच्या थेट खालच्या उतारावर, स्की-पेट्रोलची माणसे स्फोटके लावून धोकादायक बर्फ आधीच पाडून घेतात; हद्दीबाहेर मात्र कोणाचाही बंदोबस्त नाही आणि कोणाचाही अंमल नाही. बर्फ तिकडेच अस्पर्श असतो, आणि जगाच्या पाठीवरून शौकीन येथे येतात ते बहुतांशी त्या बर्फासाठीच. पुण्याहून आमची मंडळी जातात तीही त्याच ओढीने. म्हणून हद्द ओलांडण्याचा निर्णय कसा होतो व कसा व्हावा, याविषयी पदरात पडलेले चार शब्द येथे मांडून ठेवतो.

या डोंगराचे दप्तर कोरे नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गजवळ हिमस्खलनाखाली सैन्याच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीपटू गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. पहिल्या घटनेतील माणसे बर्फातच शिकणारी व शिकवणारी होती, ही गोष्ट, अज्ञानामुळेच माणसे मरतात असे समजून स्वतःला सुरक्षित मानणाऱ्या वाचकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

बर्फाचे शास्त्र, निदान आपल्यासारख्या हौशी माणसाला लागते तेवढे, दोन संध्याकाळींत समजण्याजोगे आहे. हिवाळ्याच्या आरंभी पातळसा बर्फ पडून पुढे आकाश दीर्घकाळ निरभ्र राहिले, की शून्य अंशाच्या आसपास असलेली जमिनीलगतची बाजू आणि चिल्लई कलान या काश्मिरी हिवाळ्यातील कडक थंडीच्या चाळीस दिवसांत कडाक्याने गारठलेला पृष्ठभाग यांच्या तापमानांतील तफावतीमुळे बाष्प थरातून वर सरकते, आणि तळचे कण एकमेकांना न चिकटणाऱ्या, जाड्या साखरेसारख्या दाण्यांत पालटतात. पश्चिमी विक्षोभ येऊन त्यावर हात-दोन हात नवा बर्फ टाकतो. पश्चिमेचा वारा तोच बर्फ शिखररेषेवरून उचलून पूर्वेच्या उतारांवर, म्हणजे नेमका आपल्याला उतरायचे असते त्या अंगाला, दाबून रचतो. वर सलग ताठ थर, खाली आधार न देणारे दाणे, आणि उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा, एवढी सामग्री जमली की उणीव राहते ती फक्त धक्क्याची, आणि तो धक्का बहुतेक प्राणघातक प्रसंगी गाडला जाणारा मनुष्य किंवा त्याचाच सोबती देतो. सर्वाधिक स्खलने ३८ अंशांच्या आसपास होतात. स्कीच्या दृष्टीने सर्वांत रमणीय उतारही दुर्दैवाने तेच.

आता आमच्या मंडळींची हकीकत. मी, माझे एक निवृत्त अभियंता स्नेही, त्यांची तरुण भाची, बँकेत अधिकारी असलेला एक मित्र आणि टंगमर्गकडचा आमचा काश्मिरी वाटाड्या असे आम्ही होतो. तीन दिवसांच्या हिमवृष्टीमुळे बंद राहिलेला गंडोल्याचा वरचा टप्पा चौथ्या दिवशी उघडला. आकाश निळे, धोक्याची पातळी पाचांपैकी तिसरी, म्हणजे ‘लक्षणीय’. हद्दीबाहेर शिखररेषेवरून चालत असता एका सपाट जागी पायांखालून ‘धप्प’ असा खोल आवाज आला आणि भोवतालचा बर्फ बोटभर खाली बसला. वरचा थर खालच्या पोकळ दाण्यांवर कोसळल्याची याहून स्पष्ट साक्ष डोंगर देत नाही. आम्ही सारे ती ऐकून पुढे चालू लागलो होतो, इतक्यात भाची थांबली. “मामा, हा आवाज काही बरा नाही. मी इथून उतरणार नाही.” मामांनी कपाळाला आठ्या घातल्या, वाटाड्याने मान डोलावली, आणि आम्ही मागे फिरून हद्दीच्या आतून खाली आलो.

हा निर्णय निःसंशय योग्य होता. परंतु दुपारी गंडोल्याच्या मधल्या स्थानकावर, कोंगडोरीला, कहवा घेत बसलो असता, आम्ही सोडलेल्या त्याच उतारावरून परदेशी स्कीपटूंच्या दोन टोळ्या एकामागून एक उतरल्या. त्यांनी काढलेली वळणे सूर्यप्रकाशात खालून स्वच्छ दिसत होती, आणि काहीही घडले नाही. बँकवाले एवढेच म्हणाले, “उगाच घाबरलो आपण.” कोणी त्या मुलीला बोल लावला नाही, तरी संध्याकाळच्या जेवणात ती अपराध्यासारखी गप्प होती. माघारीचा हा विचित्र तोटा आहे की तिचा खरेपणा कधीच सिद्ध होत नाही. सोडलेला उतार कोसळला नाही तर आपण भित्रे ठरतो, आणि गेलो असतो तर कोसळला असता हे सांगायला कोणी साक्षीदार उरत नाही. उलट धोक्याच्या उतारावरून दहादा सुखरूप उतरलेला मनुष्य त्या दहाही दिवसांना आपल्या पारखीचा पुरावा समजतो. शाळेतला मास्तर चुकीच्या उत्तराला तेथल्या तेथे फुली मारतो. डोंगर बहुतेक वेळा चुकीच्या उत्तरालाही गुण देतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही जे केले ते वस्तुतः आदल्या दिवसाच्या थकबाकीची वसुली होती, असे आता मला दिसते. थोरला उतार टाळायचा यावर एकमत होते. त्याऐवजी खाली, भूर्जवृक्ष सुरू होतात त्या पट्ट्यात, चाळीस-पन्नास मीटर उंचीचा एक लहानसा उतार वाटाड्याने दाखवला, आणि इतक्या लहान जागेत काय व्हायचे आहे, या समजुतीने त्याचा कोन कोणी मोजला नाही, त्याच्या पायथ्याशी अरुंद नाला आहे याकडेही कोणी लक्ष दिले नाही. भाचीने नाल्याकडे पाहिले होते. पण आपल्या वाट्याचा नकार आपण काल खर्च केला, आज पुन्हा आडवे कसे यावे, म्हणून ती बोलली नाही. हे तिने नंतर मला सांगितले. वाटाड्या उतरला, बँकवाले उतरले, आणि तिसरे मामा उतरू लागताच त्यांच्या वरच्या बाजूला वीसेक पावले रुंदीची चीर पडून सगळा थर त्यांच्यासह नाल्यात जाऊन साचला. दोघे सुखरूप गेले म्हणून तिसऱ्याला वाट मोकळी आहे असे ठरत नाही. थर कोठे पातळ आहे आणि कोणाचे वजन त्या नाजूक जागी पडेल, हे आधी गेलेल्याच्या खुणा सांगत नाहीत.

पुढचा प्रसंग लांबवीत नाही. आमच्या प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याचा पत्ता लावणारे संदेशयंत्र होते, पिशवीत प्रोब ही बर्फात खुपसून पाहण्याची लांब काठी व फावडे होते. तरीही बँकवाल्यांनी गडबडीत आपले यंत्र ‘शोध’वर न आणता ‘प्रक्षेपण’वरच ठेवल्यामुळे भाचीच्या यंत्रातील अंतराचा आकडा वेडावाकडा उड्या मारू लागला, आणि वाटाड्या ओरडला तेव्हा कोठे तो घोटाळा निस्तरला. प्रोब हातभर खोल गेल्यावर अडला. आम्ही थेट डोक्यावर न खणता, शिकवल्याप्रमाणे उताराच्या खालच्या अंगाने आत खणत गेलो. मामांचे ओठ निळे पडले होते, खांदा निखळला होता, श्वास चालू होता.

ही मिनिटे किती मोलाची असतात याची नोंद उपलब्ध आहे. १९८१ ते १९९१ या काळातील स्वित्झर्लंडमधील प्रसंग तपासून १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पंधराव्या मिनिटाला ९२ टक्के जिवंत असतात आणि पस्तिसाव्या मिनिटाला केवळ ३० टक्के. कॅनडातील नोंदींत तर ही घसरण दहाव्या मिनिटानंतरच सुरू होते, आणि तेथील मृतांपैकी सुमारे चतुर्थांश गुदमरून न मरता झाडाखडकांवर आदळून मेलेले आहेत. एक मीटर खोल गाडलेला मनुष्य काढायचा तर टनाहून अधिक बर्फ हलवावा लागतो. ज्याच्याकडे ही यंत्रे नाहीत, अथवा जवळ असूनही शोधाचा सराव नाही, त्याने हद्दीबाहेर पाऊल टाकू नये. आणि ज्याच्याकडे ती आहेत त्याने त्यांच्या जोरावर एकही जास्तीचा उतार पदरात पाडून घेऊ नये. खालून बचावपथक येईतो ती घटका निघून गेलेली असते.

आमचा प्रसंग क्षुल्लक म्हणावा इतका लहान होता. त्याची मोठी आवृत्ती अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील स्टीव्हन्स पास येथे १९ फेब्रुवारी २०१२ रोजी घडली. टनेल क्रीक नावाच्या उतारावर सोळा जणांचा जमाव गेला, त्यांत व्यवसायाने स्कीशी संबंधित अशी जाणती माणसे होती, कित्येकांच्या मनात शंकाही होती; परंतु इतके अनुभवी लोक बरोबर असता आपण काय बोलावे, या संकोचाने ती शंका मनातच राहिली, आणि तिघे प्राणांस मुकले. इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतील ७०० हून अधिक हौशी हिमस्खलन-अपघातांचे कागद चाळून असेच दाखवून दिले की नेहमीची ओळखीची जागा, आधी ठरलेला बेत, बरोबरच्या ‘तज्ज्ञा’वरील श्रद्धा, दुसऱ्याने पाडलेल्या खुणा आणि ताजा बर्फ हातचा जाईल ही हाव, यांच्या आहारी गेलेली माणसे डोळ्यांसमोरची धोक्याची चिन्हे ओलांडून जातात. त्या यादीत मी आदल्या दिवशीच्या माघारीची रुखरुख घालीन.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, निर्णय डोंगरावर घेऊ नये. आदल्या रात्री, पोट भरलेले व पाय ऊबदार असताना, उद्या कोणते उतार पूर्णपणे बंद, हे कागदावर लिहून काढावे, आणि वर गेल्यावर त्या यादीत भर घालण्याची मुभा असावी, वजाबाकीची नसावी. गेल्या दोन दिवसांत कोठे स्खलन झाले आहे काय, ‘धप्प’ आवाज येतो काय, स्कीच्या टोकापासून चिरा धावतात काय, नवा किंवा वाऱ्याने आणलेला बर्फ बराच साचला आहे काय, ऊन एकाएकी तापले आहे काय, हे प्रश्न विचारून एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर ३० अंशांहून कमी उतारावर दिवस काढावा; कोन डोळ्यांनी अंदाजू नये, कोनमापक खिशात मावतो. तिसऱ्या पातळीचा भरवसा धरू नये. चौथीला माणसे घरी बसतात आणि तिसरीला बाहेर पडतात, म्हणून आल्प्समध्येही सर्वांत जास्त बळी तिसरीच्या खात्यावर पडतात. उतार लहान असला तर त्याच्या पायथ्याकडे अधिकच बारकाईने पाहावे, कारण मुठीएवढ्या बर्फाने पाय उडाला तरी नाला, कडा किंवा झाडे पुढचे काम पुरे करतात. उतरताना एका वेळी एकानेच उतरावे आणि बाकीच्यांनी स्खलनाच्या वाटेबाहेर उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी.

नकाराविषयी आमच्यात आता एक शिरस्ता आहे. कोणाही एकाचा नकार सर्वांना बांधील, कारण विचारायचे नाही, आणि तो रोज नव्याने मिळतो, आदल्या दिवशीचा वापरलेला हिशेबात धरायचा नाही. संध्याकाळी वहीत त्या दिवशी आम्ही काय समजून चाललो आणि काय आढळले हे लिहितो, विशेषतः काहीच घडले नाही अशा दिवशी. नशिबाने तरलेला दिवस आणि अकलेने तरलेला दिवस पुढे महिन्याभराने आठवणीत सारखेच दिसतात.

राहता राहिला वाटाड्या. त्या दोन्ही दिवशी त्याने स्वतःहून ‘नको’ का म्हटले नाही, हा प्रश्न मी त्याला पुढे विचारला, तेव्हा तो मोकळेपणाने म्हणाला की गिऱ्हाईक नाराज झाले तर पुढच्या आठवड्याची रोजी जाते, आणि हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. हे ऐकल्यावर त्याला दोष देण्यात अर्थ उरत नाही. आता मुक्कामी पोचल्याच्या पहिल्याच संध्याकाळी आम्ही ठरलेली सगळी रक्कम त्याच्या हातात ठेवतो आणि हॉटेलात बसून काढलेल्या दिवसाचेही पैसे त्यात आहेत असे सर्वांसमक्ष सांगतो. हे प्रथम केले त्या हंगामात दुसऱ्याच सकाळी त्याने दार वाजवून सांगितले, “आज वर काही नाही, जनाब. खाली या, तुमची वळणे फार कच्ची आहेत.”