शिराळ्याच्या अंगणात बर्फ का जमत नाही?

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ थंडी वाढली की वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. मोटारींच्या टपांवर, गवतावर, नौकाविहाराच्या धक्क्यावर पांढरा थर असतो. मथळा असतो 'महाबळेश्वरात बर्फ!' मग शिराळ्यात अंगणातल्या शेकोटीभोवती बसलेली मुले विचारतात, "आपल्या अंगणात बर्फ का नाही?" प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कारण तो थर जमतो तेव्हा महाबळेश्वरच्या हवेचे तापमानही बहुधा शून्याच्या वरच, चार-पाच अंश सेल्सिअस असते. मग पाणी गोठले कसे?

प्रथम एक गैरसमज दूर करू. तो पांढरा थर आकाशातून पडलेला नसतो. खरे हिम ढगात तयार होते. तेथे बाष्पापासून षट्कोनी स्फटिक वाढतात, आणि खालची हवाही पुरेशी थंड असेल तरच ते न वितळता जमिनीवर पोचतात. वेण्णाकाठचे हिमकण म्हणजे जागच्या जागी गोठलेले दव. आपल्या अंगणात आकाशातून पडणारे बर्फ एकच, ते म्हणजे गारा. आणि त्या पडतात बहुधा ऐन उन्हाळ्यात!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकते. १० अंश तापमानाचा एक चौरस मीटर पृष्ठभाग दर सेकंदाला सुमारे ३६० ज्यूल ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने सोडतो. ढगाळ रात्री ढग त्यातील बरीचशी परत करतात. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर परतफेड बरीच कमी होते, आणि पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. मोटारीचा टप पातळ पत्र्याचा. त्याच्याजवळ उष्णतेचा साठा थोडा, आणि जमिनीतून त्याला काही मिळत नाही. म्हणून तो लवकर निवतो. त्यातून वेण्णा तलावाचा परिसर खोलगट आहे. उतारावरची थंड, जड हवा रात्री तेथे येऊन साचते.

हे अंगणात पडताळून पाहता येते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री भाताच्या पिंजराचा वीतभर जाड थर उघड्यावर पसरा. त्यावर एक कोरडी पत्र्याची ताटली ठेवा. दुसरी तशीच ताटली आंब्याच्या झाडाखाली पिंजरावर आणि तिसरी उघड्या फरशीवर ठेवा. पहाटे प्रत्येक ताटलीला तापमापकाचा फुगा टेकवून वाचन घ्या आणि ओसरीत टांगलेल्या तापमापकाशी ताडून पाहा. पिंजरावरची उघडी ताटली ओसरीतल्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज थंड मिळेल. फरशीवरच्या ताटलीला दिवसभर तापलेली जमीन उष्णता पुरवते. झाडाखालच्या ताटलीला आकाशच दिसत नाही. दव कोणत्या ताटलीवर अधिक पडले, हेही टिपून ठेवा.

याच युक्तीने आपल्या देशात एके काळी बर्फ बनवीत. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडची ही रीत वर्णिली. सुमारे ३० फूट लांब-रुंद आणि २ फूट खोल खड्ड्यात उसाची किंवा मक्याची वाळलेली धाटे अंथरीत. त्यांवर सव्वा इंच खोलीची मातीची उथळ भांडी मांडून संध्याकाळी पाणी भरीत आणि सूर्योदयापूर्वी बर्फ गोळा करीत. यामागचे प्रारणाचे महत्त्व विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ च्या दवावरील निबंधात उलगडून दाखवले. पण बर्फ बनवणाऱ्या त्या कारागिरांना स्वच्छ आकाश आणि शांत हवा यांची किंमत आधीच ठाऊक होती!

मग शिराळ्यात हे का जमत नाही? येथे पहाटेची हवा दहा-बारा अंशांची असली तर चार-पाच अंशांच्या घटीने शून्य गाठता येत नाही. शिवाय वारणा-मोरणेच्या काठी ऊस आणि भाताची शेते, म्हणून हवेत बाष्प बरेच. ते आकाशाकडे जाणारी उष्णता काही प्रमाणात अडवते. आणि दव पडू लागले की प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५९० कॅलरी सुप्त उष्णता मोकळी होते, त्यामुळे पुढचे थंड होणे मंदावते.

आपण मुलांच्या हौसेपायी शून्य अंशाची वाट पाहतो, पण निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराला तीच धास्ती असते. थंडीच्या लाटेत तो बागेत शेकोट्या पेटवतो, विहिरीचे पाणी सोडतो. धुराचे पांघरूण बाग वाचवते असे अनेकांना वाटते. धुराचे कण मात्र अवरक्त किरणांच्या मानाने फार बारीक असतात, ते किरण फारसे अडवत नाहीत. खरी मदत होते ती शेकोटीच्या उष्णतेची आणि तिने खालची-वरची हवा ढवळली जाण्याची. म्हणून एका मोठ्या जाळापेक्षा बागेत विखुरलेल्या लहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते. विहिरीचे पाणी तर पहाटेच्या हवेपेक्षा पुष्कळ उबदार असते. हिवाळ्यात पहाटे विहिरीवर आंघोळ करणाऱ्याला हे सांगायला नको.