दाराशी हल्ला आला तर: ख्रिस्ती घराने आणि मंडळीने काय करावे

मार्च २०१५ मध्ये न्यू पनवेलच्या सेंट जॉर्ज चर्चवर तोंडे झाकून आलेल्यांनी दगडफेक केली. संत जॉर्जच्या पुतळ्यापुढची काच फुटली. असे काही घडले की मंडळीत दोन तट पडतात. एक म्हणतो दुसरा गाल पुढे करा, दुसरा म्हणतो काठ्या आणा. पवित्र शास्त्र यापेक्षा नेमके बोलते: वार अडवायला ते परवानगी देते, वार फेडायला देत नाही. पुढची सगळी कृती याच फरकावर उभी आहे.

सर्वांत मोठे काम हल्ल्याच्या आधीचे. यरुशलेमचा कोट बांधताना धमक्या आल्या तेव्हा नहेम्याने देवाची प्रार्थना केली आणि पहाराही बसवला. अर्धे लोक बांधकामावर, अर्धे भाले घेऊन, आणि कर्णा वाजवणारा त्याच्या शेजारी. कोपरखैरण्याच्या रो-हाउसमधली प्रार्थनासभा असो की मोठे चर्च, मांडणी हीच ठेवा. उपासनेच्या वेळी दोघे दाराशी, त्यांत एक बहीण असावी. तिसऱ्याने फक्त ११२ ला फोन करायचा, दुसरे काही नाही. संडे स्कूलची मुले मागच्या वाटेजवळ बसवा आणि ती वाट खुर्च्यांनी अडवू नका. नाताळ आणि पवित्र सप्ताहाआधी पोलीस ठाण्यात बंदोबस्तासाठी अर्ज द्या आणि प्रतीवर पोच घ्या. सभागृहात तलवारी-कोयते साठवू नका. शिष्यांनी दोन तलवारी दाखवल्या तेव्हा प्रभूने पुरे म्हटले आणि त्याच रात्री पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली. मिरपूड स्प्रे ठेवायला हरकत नाही.

आता कोणी दाराशी आलाच, तर आधी ओळखा: हा अपमान आहे की जिवावरचा धोका? मत्तयात उजव्या गालाचा उल्लेख आहे. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचे तर हात उलटाच पडतो. तो मारण्यापेक्षा हिणवण्याचा प्रकार. शिव्या आणि घोषणा यांना हाताने उत्तर देऊ नका. पण गप्पच बसायचे असेही नाही. महायाजकापुढे चपराक बसल्यावर येशूने मारणाऱ्याला शांतपणे जाब विचारला होता. मंडळीतर्फे एकानेच बोलावे, बाकीच्यांनी मुलांना बाहेर काढावे. निसटता येत असेल तर निसटा. पौलाला दिमिष्कातून पाटीत बसवून कोटावरून उतरवले होते, त्यात त्याच्या विश्वासाला काही उणे आले नाही.

पळता येत नाही, पोलीस पोहोचले नाहीत आणि वार होतोच आहे, तेव्हा अडवा. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ हा हक्क देतात, पण कलम ३७ मर्यादाही घालते: पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. घराबाबत तर निर्गमाचा बाविसावा अध्याय आणि आजचा कायदा चकित करण्याइतके जवळ येतात. रात्री घर फोडताना चोर मारला गेला तर तिथे रक्तदोष नाही. सूर्य उगवल्यावर मारला तर आहे; तेव्हा चोराला जिवंत धरून त्याच्याकडून भरपाई घ्यायची. कलम ४१ मध्येही सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीच्या घरफोडीला वेगळे स्थान आहे. अंधारात घरधन्याला समोरच्याचा हेतू कळत नाही, उजेडात माणूस ओळखता येतो आणि न्यायाधीशापुढे नेता येतो. म्हणून सूर्य उगवला की नाही, हे स्वतःला विचारत राहा. हल्लेखोर खाली पडला, पळाला किंवा धरला गेला, की तुमचा हक्क तिथेच संपला. त्यानंतरचा एक फटकादेखील सूड आहे, आणि रोमकरांस पत्राप्रमाणे सूड देवाकडे सोपवलेला आहे. तोच जखमी असेल तर त्यालाही रुग्णालयात न्या. गेथशेमानेत कान तुटला तो पकडायला आलेल्या मल्खाचा, आणि प्रभूने तो तिथेच बरा केला.

नंतर तक्रार. क्षमा केली म्हणून तक्रार नको, हे मला मान्य नाही. फटके मारण्यासाठी बांधले तेव्हा पौलाने रोमी नागरिकत्व सांगितले; चाळीसांहून अधिक जणांनी कट केला तेव्हा भाच्याला सरदाराकडे पाठवले; शेवटी कैसराकडे दाद मागितली. तुम्हीही मागा. एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, प्रत विनामूल्य मिळते. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. नोंद नाकारली तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना टपालाने लेखी कळवा, तिथेही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. प्रार्थनास्थळाची नासधूस झाली असेल तर न्याय संहितेचे कलम २९८, उपासना उधळली असेल तर कलम ३०० लावण्याची मागणी अर्जात लिहा.

सीसीटीव्हीचे चित्रण जुन्यावर नवे चढण्याआधी त्याच दिवशी वेगळे उतरवा आणि पोलिसांना द्या. पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडा. हे चित्रण व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरवू नका, त्याने पुढचा जमाव तयार होतो. पुढच्या रविवारी उपासना ठरल्या वेळीच भरवा आणि दाराशी कोण उभे राहणार ते शनिवारीच ठरवून ठेवा.