हरीण गुरू आणि आपले गाणे

।। श्री गुरुदेव दत्त ।।

चोवीस गुरूंची कथा दत्तभक्तांना नवी नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात, ७ ते ९ या अध्यायांत, अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. तो अवधूत म्हणजे आपले दत्तमहाराज, ही आपली श्रद्धा. नाथमहाराजांनी याच स्कंधावरची टीका १५७३ साली काशीत पूर्ण केली, म्हणून ही कथा मराठी घरांत पोचली.

माझी उभी नोकरी बँकेत गेली. यादी दिसली की बेरीज करायची सवय अजून सुटत नाही. या २४ मध्ये माणसे किती? मध काढून नेणारा, पिंगला, बालक, कुमारी आणि बाण घडवणारा कारागीर. फक्त ५! बाकी १९ पृथ्वी, पाणी, सूर्य, चंद्र, समुद्र, पशुपक्षी, किडेमुंग्या.

यातला एक गुरू गाण्याविषयी शिकवतो, तो म्हणजे हरीण. पारध्याच्या गाण्याला भुलून ते जाळ्यात सापडते. हरिणीच्या पोटी जन्मलेले ऋष्यशृंगही नाचगाण्याला भुलले, असे अवधूत सांगतो. मग गाणे वाईट का? तसे नव्हे. कानाला गोड लागते तेवढ्यावर थांबलो तर गाणे बांधून टाकते. ज्याचे गुण गायचे त्याच्याकडे मन गेले तर तेच गाणे सोडवते.

याचे उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. टेंबे स्वामीमहाराजांनी कृष्णामाईवर ‘कृष्णालहरी’ आणि रेवामाईवर ‘नर्मदालहरी’ रचली. त्यांचा सारा प्रवास पायी. नद्यांचे काठ पायाखालचे, रोजचे स्नान त्याच पाण्यात. १९१४ मध्ये गरुडेश्वरला नर्मदेकाठीच ते समाधिस्थ झाले. आधी नदीचा सहवास घडला, मग शब्द आले.

नृसिंहवाडीला पावसाळ्यात कृष्णेचे पाणी देवळात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते. एरवी पुराची धास्ती घेणारे आपण त्या दक्षिणद्वाराच्या पाण्यात तीर्थ म्हणून स्नान करतो. नदीच देवाला भेटायला आली, असा हा भाव.

पण घाटाघाटांवर दिसते काय? नदीची आरती मोठ्या आवाजात होते, कर्ण्याला विश्रांती नाही. आरती संपली की निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात! अशा वेळी हरीण गुरूची आठवण ठेवावी. आपण नदीला आळवले, की आपल्याच आवाजाला भुललो?

घरच्या मंडळींना एक सोपा नेम सुचवतो. दर गुरुवारी २४ पैकी एक गुरू घ्यावा. दिवसभरात त्याच्याकडे घटकाभर नीट पाहावे. अंगणातली मधमाशी फुलाला न दुखवता थोडे थोडे घेते, ते बघावे. संध्याकाळी नातवंडांना ते सांगावे आणि मग पदे म्हणावीत. २४ गुरुवार म्हणजे जेमतेम साडेपाच महिने. या दत्तजयंतीला सुरुवात केली तर पाऊस पडायच्या सुमारास यादी पुरी होईल.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.