वीज येईल तेव्हा तू तिथे नसशील

बाबू, आता सर्व्हर तुझ्या ताब्यात आला, तर काकाचं एवढं कानात ठेव.

१० जुलै २०१८. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, लोकल बंद, आपल्याकडे वीज नाही. मी विरारच्या घरात अडकलेला आणि सर्व्हर वालीवच्या गाळ्यात. वीज आली, यंत्र सुरू झालं आणि अर्ध्यावरच थांबलं. आधीच्या आठवड्यात मी नवी डिस्क लावली होती आणि एफएस-टॅबमध्ये तिचं नाव एसडीबी असं लिहिलं होतं. या वेळी डिस्कचा क्रम बदलला, एसडीबीची एसडीसी झाली. यंत्र दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये गेलं आणि रूटचा पासवर्ड मागत बसलं. तो टाकायला गाळ्यात कोणी नाही. दोन दिवस बिलं निघाली नाहीत. चूक माझीच होती.

तेव्हापासून मी डिस्क यूयूआयडीनेच लिहितो. लॉजिकल व्हॉल्यूम असेल तर त्याच्या स्वतःच्या नावाने लिहिलं तरी चालतं, ते बदलत नाही. ओळ लिहून झाली की ‘फाइंडमाउंट व्हेरिफाय’ चालव, मग ‘माउंट डॅश ए’. रीबूट त्यानंतर.

ज्या व्हॉल्यूमवाचून यंत्र उठू शकतं, त्याला ‘नोफेल’ लाव. पण त्यात एक खोच आहे, ती मला उशिरा कळली. व्हॉल्यूम जोडलाच गेला नाही तर यंत्र निमूट उठतं, आणि प्रोग्राम त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहायला लागतो. तो असतो रूटच्या डिस्कवर. रूट भरतो, आणि चार दिवसांनी खरा व्हॉल्यूम जोडलास की मधला सगळा डेटा त्याच्याखाली झाकला जातो. लोक म्हणतात, डेटा गेला! गेलेला नसतो, पण तेव्हा सुचत नाही. म्हणून व्हॉल्यूम जोडण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरला ‘चॅटर प्लस आय’ लावून ठेव. मग तिथे रूटलासुद्धा लिहिता येत नाही, आणि व्हॉल्यूम जोडला की काही आड येत नाही.

जागा वाटताना हात आखडता ठेव. व्हॉल्यूम ग्रुपमधली सगळी जागा पहिल्याच दिवशी देऊन टाकू नको. वाढवणं सोपं, ‘एलव्ही-एक्स्टेंड’ला ‘डॅश आर’ जोडलास की फाइलसिस्टीमही बरोबर वाढते, काम चालू असताना. कमी करणं मात्र जड: ईएक्सटी४ आधी सोडवून घ्यावी लागते, आणि एक्सएफएस तर लहान होतच नाही असं धरून चाल.

आता परवानग्या. अकाउंट्सवाले म्हणतील, फाइल उघडत नाही. तू घाईत ७७७ देशील. नको देऊस रे. तो दरवाजा एकदा उघडला की पुढे कोणी बंद करत नाही. त्यांचा ग्रुप कर, फोल्डरला २७७० दे. तो पुढचा २ महत्त्वाचा, त्यामुळे आत होणारी प्रत्येक नवी फाइल त्याच ग्रुपची होते. ग्रुपला ती लिहिताही यायला हवी, तर त्या फोल्डरवर डीफॉल्ट एसीएल लाव. आणि आतपर्यंत परवानग्या बदलायच्या असतील तर आधी ‘गेट-एफएसीएल’ने सगळं फोल्डर एका फाइलमध्ये उतरवून घे. चुकलं, तर ‘सेट-एफएसीएल रिस्टोअर’ने जसंच्या तसं परत आणता येतं. मी हे न करता एका रात्रीत हजारो फाइलींची मालकी बिघडवली होती आणि पुढचा आठवडाभर एकेक विभागात जाऊन विचारत फिरलो होतो.

आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, सगळ्यांना सांगून आणि बॅकअप तपासून सर्व्हर रीतसर बंद कर, प्लग काढ, पुन्हा लाव आणि कशालाही हात न लावता बघत उभा राहा. तो जमिनीवर ठेवलेला असेल तर त्याच दिवशी मांडणीवर चढव. एकट्याने उचलू नको, मला फोन कर, मी येतो.