शस्त्रक्रियागृहाचा यूपीएस : केबल आणि एमसीबीचा हिशेब

वीज गेलेली आहे, यूपीएस सुस्थितीत आहे, बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या आहेत आणि तरीही शस्त्रक्रियागृहातील मॉनिटर व भूल देण्याचे यंत्र एकाच क्षणी बंद पडले, असे घडू शकते. दोष प्रत्येक वेळी यंत्रातच असतो असे नाही. कित्येकदा तो त्याला जोडलेल्या तारांत आणि त्यांच्या संरक्षणात असतो. यूपीएस घेताना डॉक्टर मंडळी केव्हीए आणि बॅकअपची मिनिटे आवर्जून विचारतात. केबल आणि एमसीबी मात्र वायरमनच्या मर्जीवर राहतात. म्हणून एक उदाहरण घेऊन हा हिशेब मांडत आहे.

लहान नर्सिंग होममधील ५ केव्हीएचा, सिंगल फेज ऑनलाइन यूपीएस घेऊ. पॉवर फॅक्टर ०.८, म्हणजे भार ४००० वॅट. १२ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एका माळेत. बाहेर जाणारा प्रवाह सुमारे २२ अँपिअर. आत येणारा प्रवाहही तेवढाच समजणे ही नेहमीची चूक. यंत्राची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ४४५० वॅट लागतात. बॅटऱ्या भरण्यासाठी आणखी सुमारे १४५० वॅट. एकूण ५९०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर २६ अँपिअर. पण व्होल्टेज १७० पर्यंत उतरले की हाच प्रवाह ३५ अँपिअर होतो, कारण व्होल्टेज घटले तरी यूपीएस आपली शक्ती कमी करीत नाही. तेव्हा येथे ४० अँपिअरचा एमसीबी योग्य.

आता केबल. नियम साधा आहे : भारापेक्षा एमसीबी मोठा आणि एमसीबीपेक्षा केबलची क्षमता मोठी. कॉन्ड्युइटमधील ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची पीव्हीसी तार ३० अंश तापमानाला सुमारे ४१ अँपिअर वाहते, आणि तेवढ्यावर समाधान मानले जाते. माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. ४० अंशाला हीच तार जेमतेम ३५ अँपिअरची उरते. म्हणजे तार तापेल, पण एमसीबी पडणार नाही. येथे १० चौरस मिलिमीटरच हवी. एकाच नळीत अनेक सर्किटे कोंबली असतील, तर क्षमता आणखी घटते.

बॅटरीची बाजू सर्वांत दुर्लक्षित. प्रत्येक बॅटरी १०.५ व्होल्टपर्यंत उतरली म्हणजे माळेचे १०५ व्होल्ट उरतात आणि प्रवाह ४२ अँपिअरवर जातो. १६ चौरस मिलिमीटरची केबल आणि बॅटरीच्या टोकाशीच ६३ अँपिअरचा डीसी फ्यूज हवा. घरगुती एसी एमसीबी येथे चालत नाही. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीला ती सवलत नाही. एका बॅटरीचा अंतर्गत रोध ५ मिलिओहम धरला, तर शॉर्ट झाल्यावर या माळेतून २४०० अँपिअर धावू शकतात.

रुग्णाच्या दृष्टीने खरा प्रश्न आउटपुटचा आहे. वीज चालू असताना एखाद्या उपकरणात शॉर्ट झाला, तर यूपीएस भार बायपासवर टाकतो आणि मुख्य लाइनच्या जोरावर त्या उपकरणाचा एमसीबी तत्काळ पडतो. बॅटरीवर असताना मात्र यूपीएस क्षणभर दुप्पट, म्हणजे सुमारे ४४ अँपिअरच देऊ शकेल असे धरा. 'सी' वर्गाचा १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडण्याची हमी १६० अँपिअरला. तो जागचा हलणार नाही. 'बी' वर्गाच्या १० अँपिअरला ५० लागतात, तेही अपुरेच. 'बी' वर्गाचा ६ अँपिअरचा एमसीबी ३० अँपिअरला नक्की पडतो. तो नसेल, तर स्वतःला वाचवण्यासाठी यूपीएसच बंद होतो आणि एका चार्जरच्या दोषाने सारे शस्त्रक्रियागृह अंधारात जाते. वीज असताना घेतलेल्या चाचणीत हे दिसत नाही. म्हणून बॅटरीवरील शॉर्ट-सर्किट प्रवाह किती आणि किती वेळ, हा आकडा उत्पादकाकडून लेखी घ्यावा. भूल यंत्र, मॉनिटर, दिवा अशी स्वतंत्र छोटी सर्किटे करावीत. चालू होताना मोठा झटका घेणारे उपकरण 'बी' वर्गावर टिकते का, ते मात्र आधी पाहावे. ऑटोक्लेव्ह आणि वातानुकूलन यांना यूपीएसवर जागाच नाही.

सर्व सॉकेटांवर मिळून एकच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणे हाही असाच धोका. आयईसी ६०३६४-७-७१० हे मानक शस्त्रक्रियागृह व अतिदक्षता विभागातील जीवरक्षक उपकरणांसाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि इन्सुलेशन मॉनिटर सांगते. पहिल्या अर्थ-दोषाला वीज जात नाही, फक्त इशारा वाजतो. असा ट्रान्सफॉर्मर यूपीएसच्या पुढे जोडताना तो चालू होताक्षणी घेत असलेला प्रवाह पूर्ण भाराच्या कित्येक पट असतो हे लक्षात ठेवून, त्याला सोसणारा यूपीएस निवडावा लागतो.