जीवनसत्त्वाची गोळी आणि ताटातील अन्न

‘शक्तीची गोळी’ म्हणून आपण जी जीवनसत्त्वे घेतो, त्यांतून स्नायू घडत नाहीत. स्नायू घडतात ते प्रथिनांतील अमिनो आम्लांपासून. जीवनसत्त्वे ही त्या कामातील साहाय्यक होत.

आपल्या वैनगंगाकाठच्या आरमोरी परिसराचे मुख्य अन्न भात. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळीत मेथिओनिन कमी असते. भात व वरण एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते.

पचनानंतर ही आम्ले रक्तावाटे पेशींत पोहोचतात. तेथे एका आम्लापासून दुसरे घडविण्यास ‘ब-६’ जीवनसत्त्व लागते. मेथिओनिन वापरले गेले की त्यापासून होमोसिस्टीन तयार होते. त्याचे पुन्हा मेथिओनिन होण्यासाठी फॉलिक आम्ल आणि ‘ब-१२’ ही जोडी हवी. यांपैकी एक जरी कमी पडले, तरी होमोसिस्टीन रक्तात साचू लागते.

ही उणीव आपल्याकडे किती आहे? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ‘ब-१२’ कमी, तर ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन अधिक आढळले. पुण्याजवळील खेड्यांतील माता-बालकांच्या अभ्यासातून २००८ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. गरोदरपणी ज्या मातांत फॉलिक आम्ल भरपूर, पण ‘ब-१२’ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा परिणाम सर्वांत मंद होता.

शाळेत मिळणाऱ्या साप्ताहिक निळ्या गोळीत लोह व फॉलिक आम्ल असते; ‘ब-१२’ नसते. म्हणून ती गोळी टाळावी असे मुळीच नाही. सिकलसेलग्रस्त मुलांनीही डॉक्टरांनी दिलेले फॉलिक आम्ल स्वतःहून बंद करू नये. मात्र सोबत ‘ब-१२’ मिळते की नाही, हे पाहावे. केवळ फॉलिक आम्लाने रक्तक्षय सुधारलेला दिसतो. पण ‘ब-१२’अभावी मज्जातंतूंची हानी चालूच राहू शकते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे ही त्याची लक्षणे. ती दिसताच तपासणी करावी.

‘ब-१२’ मासळी, अंडी, मांस व दुधातून मिळते. भाजीपाला व डाळींतून मिळत नाही. तलावाची मासळी, घरच्या कोंबडीचे अंडे, वाटीभर दही, यांपैकी जे परवडेल ते मुलाच्या ताटात नियमित असावे. गोळी ताटाला पूरक आहे, पर्याय नाही.