बाहेरचा माणूस खरोखर बाहेरचा हवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या संस्थांच्या तक्रार समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून मी बरीच वर्षं बसते आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा ९ डिसेंबर २०१३ रोजी लागू झाला. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी आणि त्या समितीत एक जण संस्थेबाहेरचा हवा, असं त्यात लिहिलं आहे. तेव्हापासून शाळा, पतसंस्था, दवाखाने, जिनिंगवाले यांचे फोन येतात : "मॅडम, एखादं नाव सांगा ना, समिती कागदावर दाखवायची आहे." काही नावं मी सांगितली, काही नको म्हटलं. त्यातून जे कळलं ते हे.

१. नाव कोणी सुचवलं, हे आधी विचारा.

समिती नेमण्याचा अधिकार कायद्याने मालकाला दिला आहे. ज्याच्या संस्थेची चौकशी व्हायची, तोच बाहेरचा सदस्य निवडतो. माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात कच्ची जागा हीच. एका संस्थेच्या फलकावर बाहेरच्या सदस्य म्हणून ज्या बाईंचं नाव होतं, त्यांच्या महिला मंडळाची खोली त्याच संस्थेच्या आवारात होती, बिनभाड्याची. बाई भल्या होत्या. पण सचिवांच्या खास माणसाविरुद्ध तक्रार आली, तेव्हा पहिल्या बैठकीत त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तक्रार करणारी मुलगी काय समजायचं ते तिथेच समजली. दुसऱ्या तारखेला ती आलीच नाही.

म्हणून नाव सुचवण्याआधी मी तीन गोष्टी विचारते. घरातलं कोणी त्या संस्थेत नोकरीला किंवा शिकायला आहे का? संस्थेकडून काम, देणगी, वकीलपत्र, कंत्राट यातलं काही घेतलं आहे का? संचालकांपैकी कोणाशी सोयरीक आहे का? दारव्ह्याकडच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांना हे विचारलं, तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या भाच्याचा अर्ज त्यांच्याच शाळेत पडून आहे. मला नका घेऊ." त्यांचं नाव मी दुसऱ्या तालुक्यातल्या संस्थेला त्याच आठवड्यात दिलं. जी बाई आपली अडचण आपणहून सांगते, तिच्यासारखी सदस्य शोधून सापडत नाही.

२. तालुका बदला, पण माणूस शक्यतो जिल्ह्यातलाच घ्या.

पुसदच्या संस्थेला दिग्रसची वकील चालते, वणीच्या संस्थेला पांढरकवड्याची परिचारिका चालते. एवढं अंतर मिंधेपण सोडवायला पुरतं. पुण्या-मुंबईचे तज्ज्ञ प्रशिक्षणाला जरूर यावेत, त्यांचं ज्ञान आपल्याला हवंच आहे. पण तांड्यावरची बाई तक्रारीत सासऱ्याचं नाव का घेत नाही, किंवा संध्याकाळची शेवटची एसटी चुकली तर साक्षीदार मुलीला घरी काय ऐकावं लागतं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

३. चांगुलपणा पुरत नाही, पद्धत यावी लागते.

नियमांत पात्रता लिहिली आहे : महिलांच्या प्रश्नांवर किमान पाच वर्षं काम केलेली व्यक्ती, किंवा कामगार, सेवा, दिवाणी वा फौजदारी कायद्याची जाण असलेली. समाजकार्याची पदवी घेतलेल्या मुली आणि तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्या बायका आपल्याकडे आहेत. त्यांना शिकवावं लागतं ते जबाब लिहायला : तारखेनुसार, बोलणाऱ्याच्याच शब्दांत, वाचून दाखवून सही घेऊन. तक्रारीची प्रत ज्याच्यावर आरोप आहे त्याला द्यायची, त्याला उत्तराला वेळ द्यायचा, अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हजर नसतील तर बैठक घ्यायचीच नाही.

हे बारकावे का महत्त्वाचे, ते गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसलं. २००९मधल्या तक्रारींवर समितीने घाईघाईने चौकशी केली आणि विद्यापीठाने अध्यापकाला सेवेतून काढलं. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी, बचावाची पुरेशी संधी दिली नाही म्हणून, तो निर्णय रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनींसाठी चौदा वर्षांनंतर सगळं पहिल्या पानावर आलं. आरोपीला नीट ऐकून घेणं हे तक्रारदाराच्याच हिताचं असतं. हे मी प्रत्येक नव्या सदस्याला सांगते.

४. तक्रार करणाऱ्या मुलीची भाषा जाणणारा दुभाषी संस्थेतला नसावा.

झरी-जामणी, मारेगाव, केळापूर भागातली कोलाम मुलगी घरी कोलामी बोलते. बंजारा मुलगी गोरमाटी बोलते. मराठी येत असली तरी अंगावर आलेला प्रसंग माणूस आपल्या भाषेतच सांगतो. अशा वेळी आश्रमशाळेतली स्वयंपाकीणबाई दुभाषी म्हणून पुढे केली जाते. तिची नोकरी मुख्याध्यापकाच्या हातात. ती वाक्यं मऊ करून सांगणार, तिचा तरी काय दोष? दुभाष्यांची यादी आधीच तयार असावी, दुसऱ्या तालुक्यातली.

५. मूल असेल तर समिती बसवू नका.

तक्रार अठरा वर्षांखालच्या मुलाची असेल, तर ती शाळेच्या समितीसमोर ठेवण्याची बाबच नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. तरी "आधी घरातल्या घरात बघू" म्हणणारे संचालक मी पाहिले आहेत. खामगाव तालुक्यातल्या पाळा इथल्या आश्रमशाळेतला अत्याचार नोव्हेंबर २०१६मध्ये उघडकीस आला आणि अख्खा विदर्भ हादरला. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला. त्यानंतर शाळांमधल्या मुलांच्या सुरक्षेसाठी जी समिती उच्च न्यायालयाच्या पुढाकाराने उभी राहिली, तिच्यात निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी, निवृत्त पोलीस अधिकारी मीरां बोरवणकर अशी नावं होती. तज्ज्ञांची निवड न्यायालयाच्या नजरेखाली झाली, शाळेच्या हातात राहिली नाही, यात मला फार मोठी गोष्ट दिसते. मुलांच्या बाबतीत बालकल्याण समिती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण हे दोन पत्ते प्रत्येक आश्रमशाळेच्या भिंतीवर, मुलींना दिसतील अशा उंचीवर, लिहिलेले हवेत.

६. भत्ता घ्या, जेवण नको.

बाहेरच्या सदस्याला दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च, असा नियम आहे. उमरखेडहून यवतमाळला शंभर किलोमीटरच्या वर यायचं, वकिलाने दिवसाची कामं सोडायची, आणि हातात २०० रुपये. ही रक्कम वाढलीच पाहिजे. तोवर ती पावती देऊन घ्यावी आणि संस्थाचालकांच्या घरचं जेवण, साडी, शाल-श्रीफळ नम्रपणे परत करावं.

७. तक्रार करणाऱ्या बाईला काय हवं, हे कोणीतरी विचारलं पाहिजे.

चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते आणि अहवाल दहा दिवसांत द्यायचा असतो. पण त्या नव्वद दिवसांत ती बाई रोज त्याच टेबलाशी, त्याच माणसासमोर बसते. लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या कलम १२ खाली ती चौकशी चालू असताना बदली मागू शकते, तीन महिन्यांपर्यंत रजा मागू शकते. हे तिला कोणी सांगत नाही. बाहेरच्या सदस्याने पहिल्याच दिवशी सांगावं.

भरपाईचंही तसंच. बहुतेक अहवाल "समज देण्यात यावी" या तीन शब्दांवर संपतात. कलम १५मध्ये मानसिक त्रास, हुकलेली संधी, दवाखान्याचा खर्च हे सगळं मोजायला सांगितलं आहे. रक्कम दोषी माणसाच्या पगारातून कापता येते, आणि त्याने भरली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. थकबाकीची वसुली म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून मी अहवालात आकडा लिहायचा आग्रह धरते, आणि आकड्यामागचा हिशोबही.

पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितलं की समितीचा अहवाल हाच विभागीय चौकशीचा अहवाल मानावा. तीच कहाणी दुसऱ्या टेबलावर पुन्हा सांगायची वेळ तक्रारदारावर येऊ नये, हा त्याचा अर्थ. एका मराठी बाईने मिळवून दिलेली ही गोष्ट किती आस्थापना अधिकाऱ्यांना ठाऊक असते? मी प्रत्येक वेळी या आदेशाची प्रत सोबत नेते.

८. मालकच आरोपी असेल तर जिल्ह्याकडे या.

दहापेक्षा कमी माणसं असलेलं दुकान वा दालमिल, घरकाम, किंवा खुद्द मालकाविरुद्धची तक्रार, हे सगळं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे येतं. गोव्याच्याच प्रकरणात डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरात जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या आणि तालुकावार समन्वय अधिकारी नेमायला मुदत घालून दिली. समितीची अध्यक्ष समाजकार्यातली स्त्री असावी, सदस्यांत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग वा अल्पसंख्याक समाजातली किमान एक स्त्री असावी, असं कायदा म्हणतो. आदिवासीबहुल तालुके असलेल्या आपल्या जिल्ह्यात एक कोलाम किंवा गोंड स्त्री त्या खुर्चीवर असायलाच हवी.

जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात दोन वकील, एक निवृत्त शिक्षिका, एक परिचारिका, एक समाजकार्यकर्ती एवढी यादी झाली, तरी कुठल्याही संस्थेला "माणूस मिळत नाही" म्हणता येणार नाही. तुम्ही यात बसत असाल, कोणाच्या मिंध्या नसाल, तर आपलं नाव आणि शिक्षण एका कागदावर लिहून जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या, आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.